दगड कोणाच्या दिशेने? : नागराज मंजुळे यांचे चित्रपट

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराहून, पैठण पन्नासेक किलोमीटरवर आहे. नाथ महाराघरी जेवल्याची कथा ह्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. १९३५ साली प्रभात कंपनीने ह्याच कथेवर 'धर्मात्मा' काढला. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. आधी चित्रपटाचे नाव 'महात्मा' होते. त्याला हरकत घेतली गेली आणि ते बदलावे लागले. त्या काळी असा विषय पडद्यावर आणणे धाडसाचे होते, हे मान्य करायला आपण कद्रूपणा करू नये. पण चित्रपटाची नजर नाथांची आहे. महाराचे घर हे संताचे मोठेपण सिद्ध करण्याचे ठिकाण आहे. नाथ जेवून गेले, त्यांच्यामागोमाग कॅमेराही गेला. त्या घराच्या आत बसून बाहेरच्या पैठणाकडे पाहिले तर पैठण कसे दिसते, हा प्रश्न मराठी चित्रपटाला पुढे कितीतरी दशके पडला नाही.

मधल्या काळात अण्णा भाऊ साठे होऊन गेले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. गजानन जागीरदारांनी 'वैजयंता' (१९६१) केला, पुढे 'फकिरा' (१९६३) आला. अण्णा भाऊंची गोष्ट पडद्याला चालत होती. अण्णा भाऊ मात्र १९६९ साली दारिद्र्यातच गेले. गोष्ट आमची, भांडवल दुसऱ्याचे, आणि म्हणून नजरही दुसऱ्याची, असा हा व्यवहार होता.

दलित साहित्याने १९६० नंतर जो स्फोट केला, तो चित्रपटात का झाला नाही, असे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. उत्तर फार गहन नाही. कविता लिहायला कागद आणि पेन्सिल पुरते. 'बलुतं' (१९७८) लिहायला दया पवारांना निर्मात्याच्या दारात उभे राहावे लागले नाही. चित्रपटाला लाखो रुपये लागतात, यंत्रे लागतात, वितरक लागतो, थिएटर लागते. आणि ह्या प्रत्येक दारावर कोणीतरी बसलेला असतो. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या. त्यावर कविता झाल्या, कथा झाल्या, नाटके झाली. पडदा मात्र बहुतांशी कोराच राहिला. जब्बार पटेलांचे 'मुक्ता' (१९९४) आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) हे चित्रपट प्रामाणिक होते, त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण तेही मित्राचे हात होते.

ही कोंडी फोडणारा माणूस सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचा. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्टेशनचे गाव. नागराज पोपटराव मंजुळे यांचा जन्म १९७७ चा, वडार समाजातला. वडार म्हणजे दगड फोडणारे, माती वाहणारे लोक. गावाची विहीर त्यांनी खोदायची, धरणाचा दगड त्यांनी घडवायचा आणि पाल टाकून गावाबाहेर राहायचे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत, कैकाडी आहेत, पारधी आहेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि त्यातल्या अनेकांना पुढे तारेच्या कुंपणात डांबले. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. स्वातंत्र्य १९४७ ला आले. ह्या माणसांच्या कपाळावरचा शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. व्यवहारात तो पुसला गेला की नाही, हे कोणत्याही पोलीस ठाण्यात जाऊन पाहावे.

मंजुळे मराठी घेऊन पुणे विद्यापीठातून एम.ए. झाले. आधी ते कवी. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा संग्रह आपल्या वाचकांना परिचित असेल. ही वाट दलित साहित्याने घालून दिलेली आहे, आणि त्यांच्या चित्रपटांकडे पाहताना हे विसरता कामा नये. पुढे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात जनसंज्ञापन शिकताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या, पण जाऊ न शकणाऱ्या एका पोराची ही गोष्ट. पदार्पणाच्या लघुपटासाठीचा २०१० चा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. एवढ्याशा गोष्टीने ज्या दारांचा उल्लेख वर केला, त्यातले एक दार किलकिले झाले.

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. तमिळमध्ये डुकराला 'पन्री' म्हणतात. कैकाडी ही द्राविडी कुळातली, तमिळच्या जवळची बोली. मराठी पडद्यावर ही बोली माणसांच्या तोंडी ऐकू आली, हीच मुळात इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट. मराठी चित्रपटाचे गाव तोवर एकभाषी होते. पाटील, मास्तर, देवळातला पुजारी, सगळे एकाच मराठीत बोलत, आणि गावकुसाबाहेरच्याला दोन विनोदी वाक्ये मिळत.

जब्या हा कैकाड्याचा पोरगा शाळेत जातो. वर्गातली शालू त्याला आवडते. काळी चिमणी जाळून तिची राख पोरीवर टाकली की पोरगी वश होते, असे त्याला सांगणारा सायकल दुकानदार चंक्या मंजुळ्यांनी स्वतःच रंगवला आहे. जब्याचा बाप कचरू किशोर कदमांनी असा उभा केला आहे की त्या पाठीचा बाक पाहूनच पिढ्यांचा हिशेब लागावा. जब्याचे काम केलेला सोमनाथ अवघडे त्याच परिसरातला, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो त्या वर्षी 'तंग मीनकळ' ह्या तमिळ चित्रपटातल्या मुलीबरोबर विभागून दिला गेला होता. पदार्पणाच्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मंजुळ्यांना मिळाला.

पण मुद्दा पुरस्कारांचा नाही. गावात जत्रा आहे, डुकरांचा विटाळ होतो, म्हणून डुकरे पकडायचे काम कचरूच्या कुटुंबावर येते. शाळेशेजारी हा खेळ चालतो आणि गाव तो तमाशासारखा पाहते. जब्या भिंतीआड लपतो, कारण शालू पाहते आहे. डुक्कर अगदी हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या ताठ उभा राहतो. मग बापही उभा राहतो, सगळे कुटुंब जागच्या जागी थिजते. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नाही, ते निघून जाते. थिएटरात ह्या प्रसंगाला लोक हसतात. हसण्यात काही गैर नाही, प्रसंग विनोदीच आहे. पण राष्ट्राचा मान राखणारे हे कुटुंब आणि त्या कुटुंबाला डुकरामागे धावायला लावणारे राष्ट्र ह्यांचा संबंध एवढ्या थोडक्यात आपल्या कोणत्याही निबंधात आलेला नाही. माझ्याही नाही.

नंतर डुक्कर सापडते, काठीला उलटे बांधले जाते, आणि बाप-लेक ते खांद्यावरून नेतात. मागे शाळेची भिंत आहे. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. काही समीक्षकांना हे फार उघड वाटले. उघड आहेच. ती चित्रे खरोखरच गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर आहेत आणि त्यांच्यासमोरून हे ओझे खरोखरच जाते. त्यात दिग्दर्शकाचा दोष काय? शेवटी टिंगल करणाऱ्या गावगुंडांवर जब्या दगड उचलतो. एक दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दगड फोडणाऱ्या जातीतल्या माणसाने आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा शेवट दगडाने करावा, हा योगायोग मी मानत नाही. तो दगड तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाकडे येतो. त्या प्रेक्षकांत आपणही असतो. शहरात आलेले, नोकरीला लागलेले, हलगीची लाज वाटू लागलेले आपण.

चित्रपट लागल्याला अडीच महिने होत नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, करमाळ्याच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याच्यावरचा संशय. खटल्यातले सगळे आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. जब्या पडद्यावर दगड मारून मोकळा झाला. खर्ड्याच्या मुलाला ती संधी मिळाली नाही.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला तो ह्या पार्श्वभूमीवर. पाटलाची आर्ची, पारध्याचा परश्या. पोरगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोराला धाक घालते. अकलूजच्या रिंकू राजगुरूला ह्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. शिक्षक वाचकांना त्यातला एक प्रसंग सहज विसरता येणार नाही. पाटलाचा मुलगा भर वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो. ग्रामीण भागातल्या संस्थांमध्ये नोकरी केलेल्या आपल्या पिढीतल्या अनेकांनी ही थप्पड प्रत्यक्ष नसेल, पण दुसऱ्या रूपाने खाल्लेली आहे. बदली, गोपनीय अहवाल, रोखलेली वेतनवाढ अशी तिची रूपे असतात.

दोघे हैदराबादला पळून जातात, संसार मांडतात, मूल होते. मग माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. शेवटी पडद्यावरचा आवाज बंद होतो, आणि रक्तात भिजलेल्या पावलांचे ठसे उमटवीत लहान मूल घराबाहेर येते. पहिल्या अर्ध्या भागात अजय-अतुलच्या गाण्यांनी नाचवलेल्या प्रेक्षकाला ही शांतता सोसवत नाही. रचना अशी आहे की आधी प्रेक्षकाला नेहमीचा प्रेमपट देऊन गाफील ठेवायचे आणि मग ह्या गोष्टी इथे कशा संपतात ते दाखवायचे.

ते दाखवले गेले. पाहिले गेले का? 'झिंगाट' त्या वर्षी लग्नाच्या वरातीत, गणपतीत, अगदी जयंतीच्या मिरवणुकीतही वाजले. रक्ताचे ठसे थिएटरातच राहिले. शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीला जुलै २०१६ मध्ये एका मराठा मुलीवर अत्याचार करून तिचा अमानुष खून झाला. तो गुन्हा अक्षम्य होता, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने त्यात फाशीची शिक्षा सुनावली. त्याच न्यायालयाने त्याच महिन्यात खर्ड्याचा निकाल दिला होता. कोपर्डीनंतरचा पहिला मराठा क्रांती मोर्चा ९ ऑगस्ट २०१६ रोजी आपल्याच शहरात निघाला. त्याच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीही होती. 'सैराट'ने पोरी बिघडवल्या, असे त्या दिवसांत चहाच्या टपरीवरही ऐकू येई. चित्रपटात खून होतो तो जोडप्याचा, आणि रोष होतो तो चित्रपट काढणाऱ्यावर! हिंदीवाल्यांनी 'धडक' (२०१८) काढताना ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवली. गोष्ट उदयपूरला नेली आणि जात इतकी पातळ केली की ती शोधावी लागते.

मंजुळ्यांवर एक आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. 'फँड्री'तली शालू आणि 'सैराट'मधली आर्ची दोघी वरच्या जातीतल्या. वस्तीतल्या मुलीचे प्रेम, तिचा राग, तिची भूक ह्यांना ह्या दोन्ही चित्रपटांत मध्यवर्ती जागा नाही. जब्याच्या बहिणीकडे कॅमेरा वळतो, पण थांबत नाही. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार ह्यांची आत्मकथने हाताशी असलेल्या भाषेत ही उणीव खटकते. 'झुंड' (२०२२) मध्ये ओळखीच्या कागदांसाठी बापाबरोबर वणवण करणारी आदिवासी मुलगी येते; तो भाग थोडा, पण मला सगळ्या चित्रपटात सर्वांत सच्चा वाटला.

'झुंड' नागपूरच्या विजय बारसे ह्यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर आधारलेला. त्यात अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे आहेत आणि भोवती जयंतीचा डीजे दणाणतो आहे. हिंदीच्या मोठ्या पडद्यावर ही जयंती आमच्या गल्लीत असते तशीच, कसलीही दिलगिरी न बाळगता, अवतरली. बाकी चित्रपट लांबला आहे, आणि महानायकाच्या सावलीत पोरांचे चेहरे अधूनमधून झाकले जातात.

तिकडे तमिळनाडूत ह्याच काळात पा. रंजित आणि मारी सेल्वराज उभे राहिले. रंजितने 'काला' (२०१८) थेट मुंबईच्या धारावीत आणला. मारीचा 'परियेरुम पेरुमाळ' त्याच वर्षीचा, निर्माता रंजितच. एकाने उभे राहिल्यावर दुसऱ्यासाठी पैसा उभा करायचा, हे त्यांनी जाणीवपूर्वक केले आणि त्यातून एक फळी तयार झाली. मंजुळ्यांनीही 'नाळ' (२०१८) सारख्या चित्रपटाची निर्मिती केली, त्यात कामही केले. तरी मराठीत अशी फळी अद्याप दिसत नाही. आपल्या चळवळीने नाट्यसंमेलने भरवली, साहित्यमेळावे भरवले. एखाद्या पोराच्या हाती कॅमेरा द्यायला किती संस्थांनी वर्गणी काढली?

अलीकडची एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. करोनाच्या काळावरच्या 'अनपॉज्ड : नया सफर' (२०२२) ह्या मालिकेत मंजुळ्यांचा 'वैकुंठ' आहे. दिग्दर्शन त्यांचे, प्रमुख भूमिकाही त्यांचीच. रात्रंदिवस प्रेते जाळणारा स्मशानातला कामगार घरमालकाला नकोसा होतो, आणि मुलाला घेऊन स्मशानातच राहू लागतो. भारतीय चित्रपट सुरू झाला तो दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पासून. त्या आख्यानात राजाला डोंबाच्या घरी विकले जाते, तो स्मशानाची राखण करतो आणि शेवटी देव प्रसन्न होऊन त्याचे राज्य परत देतात. डोंबाचे पुढे काय झाले ते आख्यान सांगत नाही. 'वैकुंठ'मध्ये राजा नाही. स्मशानात राबणारा माणूस आहे, त्याचा मुलगा आहे, आणि सकाळी पुन्हा रुग्णवाहिका येऊन उभी राहते.