आंबा काढणं आणि आंबा वाटणं

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या मावश्यांना, कंपनीतून पाळी संपवून आत्ताच घरी टेकलेल्या ताईंना, सगळ्यांना नमस्कार. आज मी इतिहास सांगणार आहे, पण लढायांचा नाही. दोन कार्टून चित्रपटांचा.

आपल्या चितेगावच्या गटांत बचत गोळा झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या की गप्पांची गाडी लेकरांवर आणि मोबाईलवर येते. मग कोणतं कार्टून चांगलं, यावरून दोन पक्ष पडतात. ज्यांचं बालपण दूरदर्शनसमोर गेलं त्या म्हणतात, जाळं घेऊन उडणाऱ्या पाखरांसारखा चित्रपट पुन्हा झाला नाही. ज्यांच्या मुली आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मीना राजू मंचात जातात त्या म्हणतात, पाखरांचं गोड गाणं ठेवा बाजूला, खरी गोष्ट मीनाची. दोन्ही चित्रपटांची कुळकथा कळली तर या वादाला जास्त अर्थ येतो, म्हणून हा खटाटोप.

आधी पाखरं. चित्रपटाचं नाव ‘एक अनेक और एकता’. साल १९७४. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने तो बाहेर आणला. लांबी जेमतेम सात मिनिटं. बागेतली लहान मुलं आपल्या ताईला ‘अनेक’ म्हणजे काय ते विचारतात. ताई सूर्य, चंद्र, तारे दाखवत समजावते आणि पाखरांची गोष्ट सांगते. दाणे टिपायला उतरलेली पाखरं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीरमित्र ते जाळं कुरतडतात. मग मुलांना वाटतं, आपण एक झालो तर झाडावरचे आंबेही काढू शकू. ताई हो म्हणते, पण त्यासाठी युक्ती लागेल असंही सांगते. आंबे निघतात, गाणं होतं, चित्रपट संपतो.

आपल्यातल्या कितीतरी जणींना ते गाणं पाठ आहे, पण ही गोष्ट पडद्यावर आणणारी बाई मराठी होती हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या विजया मुळे. जन्म १९२१ चा, मुंबईचा. लग्न होऊन पाटण्याला गेल्या आणि तिथं शिक्षण पुढे चालू ठेवलं. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. परत आल्यावर सरकारी शिक्षण खात्यात काम केलं. १९५९ साली देशातल्या चित्रपट मंडळांचा महासंघ उभा राहिला, त्याचे अध्यक्ष सत्यजित राय आणि सहसचिव विजयाबाई. ‘भुवन शोम’मध्ये गौरी झालेल्या सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या.

चित्रपटाला लागलेले बाकीचे हातही पाहा. चित्रं हलती केली भीमसैन यांनी. तेव्हा संगणक नव्हता. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात, म्हणजे सात मिनिटांना दहा हजारांच्या वर चौकटी झाल्या. एकच चित्र दोनदा टिपलं तरी हाताने काढायची हजारो चित्रं उरतातच. संगीत आपल्या सिंधुदुर्गातले, प्रभात कंपनीत घडलेले वसंत देसाई यांचं. गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं, आणि ते शिष्य कोणाचे, तर मराठी गायक विनायकराव पटवर्धनांचे. गाण्यातला बालआवाज साधना सरगम यांचा, ज्या पुढे मोठ्या पार्श्वगायिका झाल्या. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

तो काळही ध्यानात घ्या. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरदर्शन संच लावून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्रातली खेडी त्यात नव्हती. त्या प्रयोगासाठी लहान मुलांचे कार्यक्रम करण्यात विजयाबाई पुढे होत्या. खेड्यातलं मूल पडद्यासमोर बसेल तेव्हा त्याला काय दाखवायचं, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या मध्यभागी होता. नंतर दूरदर्शन आपल्याकडच्या गावांत पोचलं आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात पाखरं आपल्याही घरात उडू लागली.

आता मीना. दक्षिण आशियातल्या देशांनी, म्हणजे सार्कने, १९९१ ते २००० हे मुलींचं दशक म्हणून पाळलं. त्या सुमारास युनिसेफने एक मुलगी चित्रांतून जन्माला घातली. नऊ वर्षांची मीना, तिचा भाऊ राजू आणि पोपट मिठू. तिला रूप दिलं राम मोहन यांनी. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, कुठल्याही खेड्यातल्या पोरीला ती आपल्यातली वाटावी म्हणून माणसांना चित्रं दाखवून, विचारून तिचा चेहरा आणि कपडे ठरवले. गंमत अशी, की राम मोहन आणि भीमसैन दोघेही मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये तयार झालेले. तिथल्या व्यंगपट विभागाला १९५६ साली डिस्नेचे कलाकार क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. म्हणजे पाखरं आणि मीना एकाच शाळेची लेकरं म्हणायची. २०१९ साली, काही महिन्यांच्या अंतराने, विजयाबाई आणि राम मोहन दोघेही गेले.

मीनाच्या ज्या भागावरून आपल्याकडे वाद होतो त्यातही आंबाच आहे. आंबा मीना काढते. घरात वाटणी होते आणि मोठा वाटा राजूला. मीना विचारते, असं का? मग दोघं एका दिवसासाठी कामांची अदलाबदल करतात. संध्याकाळपर्यंत राजूचा जीव मेटाकुटीला येतो आणि मीना घरात किती राबते ते सगळ्यांना दिसतं. त्यानंतर वाटे सारखे होतात.

आता दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐका. पाखरांच्या बाजूच्या म्हणतात, यात मारामारी नाही, चमत्कार नाही, एकटा हिरो नाही. शहाणपण सांगणारी मुलगी आहे, तेही १९७४ साली! आणि मूल हसत हसत शिकतं. मीनात मात्र पहिल्या मिनिटाला कळतं की आता धडा येणार. शिवाय एका दिवसात कोणतं घर सुधारतं?

मीनाच्या बाजूची एक ताई फटकन म्हणाली, “पाखरं सगळी एकदम हो म्हणली. आपल्या गटात कर्जाच्या ठरावाला सगळ्या जणी एकदम कधी हो म्हणल्यात का?” सगळ्या हसल्या, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाखरांचा वैरी बाहेरचा आहे, जाळं घेऊन आलेला. मीनाच्या घरात पारधी कुणीच नाही. आई, वडील, आजी, भाऊ, सगळी मायेचीच माणसं. तरी वाटा लहान. बहुतेक घरांत वाढणारा हातही बाईचाच असतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला जास्त टोचते.

मग पाखरांनी खरंच कधी वाद घातला नव्हता का? यासाठी चित्रपटाच्याही मागे जायला हवं. ही गोष्ट ‘पंचतंत्रा’त आहे आणि नारायण पंडितांच्या ‘हितोपदेशा’तही आहे. ‘हितोपदेशा’तल्या गोष्टीची सुरुवात होते गोदावरीच्या काठावरच्या मोठ्या सावरीच्या झाडापासून. गोदावरी म्हणजे आपली पैठणची गंगामाय, इथून तासाभराच्या वाटेवरची. तिथं कबुतरांचा राजा चित्रग्रीव सावध करतो, की निर्जन रानात तांदळाचे दाणे आले कुठून? एक घमेंडखोर कबुतर त्याला उडवून लावतं. सगळी खाली उतरतात आणि अडकतात. मग त्या एकट्यावर तोंडसुख घेणं सुरू होतं. चित्रग्रीव म्हणतो, दोष कुणाचा ते आता उगाळू नका, आधी सुटायचा उपाय बघा.

पुढचा भाग तर सोन्यासारखा आहे. मित्र हिरण्यक उंदीर धावत येतो आणि आधी राजाचेच पाश तोडायला लागतो. राजा त्याला थांबवतो. आधी माझ्यासोबतच्यांचे तोड, माझे शेवटी. दात नाजूक आहेत, सगळ्यांचे तोडता येतील की नाही याची हिरण्यकाला शंका आहे, तरीही राजा हटत नाही.

सात मिनिटांच्या चित्रपटात हे बसलं नाही. लहान मुलांसाठी गोष्ट सोपी करताना पाखरांचं भांडण गळलं आणि सुटकेचा क्रमही गळला. आधी कोणाचा पाश, हा प्रश्नच निघाला नाही. माझ्या मते मीना नेमकी तोच प्रश्न परत घेऊन आली.

आपल्या गटांचा इतिहासही याच वळणाने जातो. महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, १९७५ चं. बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डने सुरू केलं १९९२ साली, मीनाच्याच काळात. ‘उमेद’ अभियान आलं २०११ मध्ये. सुरुवातीला सगळा जोर एकत्र येण्यावर होता, आणि ते गरजेचंच होतं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला पाखरांचं बळ लागतं. पण दर महिन्याची बचत गोळा झाली की खरा कस लागतो. पेटीतल्या पैशातून पहिलं कर्ज कोणाला? अध्यक्षाच्या जावेला, की जिच्या लेकराचं ऑपरेशन आहे तिला? जी बोलत नाही तिचा अर्ज वाचला का? ज्या गटात पदाधिकारी आपला नंबर मागे ठेवतात तिथं हप्ते वेळेवर येतात, हे मी गटांच्या वह्या तपासताना पुन्हा पुन्हा पाहते. चित्रग्रीवाला हे न शिकवता कळलं होतं.

म्हणून या वादात मला कुणा एका पक्षाच्या बाजूने निकाल द्यायचा नाही. कार्टून म्हणून पाखरं सरस आहेत. चाल, चित्रं, गोडवा, सगळं जमलेलं. मीनाचं चित्रण साधं आहे, शेवटही घाईत होतो. पण मीना जिथं बोट ठेवते तिथं पाखरं पोचत नाहीत. आंबा काढायला एकी लागते, वाटायला न्याय लागतो. ज्या घरात, ज्या गटात वाटणी वाकडी असते, तिथली एकी दुसऱ्या आंब्याला झाडाखाली येत नाही.

या सुट्टीत एक करा. दोन्ही चित्रपट लेकरांना एकाच संध्याकाळी दाखवा, मुलगा-मुलगी शेजारी बसवून, आणि स्वतःही शेजारी बसा. संपल्यावर उपदेश करू नका. आंबा कापायला घ्या आणि वाटणी मुलीला करू द्या. ती स्वतःसाठी कोणती फोड ठेवते तेवढं फक्त बघा. तिने स्वतःला कोय ठेवली, तर ती हे कुठल्या कार्टूनमधून शिकली नाही, आपल्या ताटाकडे बघून शिकली, एवढं मनाशी धरा. त्या दिवशी आपल्याही ताटात एक फोड वाढून घ्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.