तंबाखूचें आमंत्रण

आमचें सोनगीर गांव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर तें वसलें असल्यामुळें वाटसरूंची वर्दळ येथें सदैव असते. आणि जेथें वाटसरू तेथें पानविडीचें दुकान, हें ओघानेंच आलें. त्या दुकानाच्या पाटीवर काय असावें, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचा निकाल लागावयास या देशास कित्येक वर्षें लागलीं. तोच इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

तंबाखू मूळची आपल्याकडची नव्हे. पोर्तुगीजांनीं ती पश्चिम किनाऱ्यावर आणिली. विजापुरास वकिलीवर गेलेल्या असदबेगानें ती तेथून अकबराच्या दरबारीं नेली, तेव्हां हकिमानें तिला आक्षेप घेतला होता. पुढें १६१७ सालीं जहांगीरानें धूम्रपानबंदीचें फर्मान काढिलें. फर्मान दप्तरांत राहिलें आणि हुक्का घरोघर गेला. केवळ हुकुमानें व्यसन सुटत नाहीं, हा पहिला धडा होय.

१९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध दाखवून दिला. तेथें १९६५ सालीं दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. आपल्याकडे १९७५ च्या कायद्यानें सिगारेटच्या पाकिटावर व जाहिरातींत इशारा छापणें आवश्यक केलें. परंतु खेड्यांत जिचा प्रसार अधिक, ती विडी आणि खाण्याची तंबाखू त्या कायद्याबाहेरच राहिली. शिवाय १९९६ ची क्रिकेटची विश्वचषकस्पर्धा 'विल्स' या सिगारेटच्या नांवानें खेळली गेली. एका हातानें इशारा आणि दुसऱ्या हातानें आमंत्रण, अशानें कार्य साधत नाहीं, हा दुसरा धडा.

तो ध्यानीं घेऊन २००३ सालीं नवा कायदा झाला. १ मे २००४ पासून तंबाखूच्या सर्व प्रकारांच्या जाहिरातींस व प्रायोजनास बंदी आली. सवलत राहिली ती वेष्टनास आणि दुकानावरील पाटीस. पाटी ठराविक आकाराहून मोठी नको, असें ठरलें. २००५ सालीं नियम अधिक कडक झाले. पण मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं त्यांस स्थगिती दिली, आणि ती उठावयास सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निकाल लागला. एवढीशी पाटी, पण तिच्यासाठीं सात वर्षें गेलीं! जिचा कांहीं उपयोग नाहीं, अशा पाटीसाठीं कोणी इतका झगडेल काय?

या कायद्यानें कोणाचें दुकान बंद झालें नाहीं, कीं प्रौढाच्या घरांत शिपाई शिरला नाहीं. त्यानें केवळ आमंत्रण रोखिलें. हें आमंत्रण मुख्यतः मुलांस असतें. जुन्या व्यसनी माणसास पाटीची गरज नसते. म्हणूनच शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत, तसेंच अठरा वर्षांखालील मुलांस, तंबाखू विकण्यास याच कायद्यानें मनाई आहे. आज तंबाखूचेंच नांव धारण करून पानमसाला आणि वेलची यांच्या जाहिराती झळकतात. आमंत्रणानें वेष पालटला, इतकेंच. तो ओळखण्याचें काम न्यायालयाचें आहेच. परंतु मुलांचा शाळेचा रस्ता ज्यांच्या दारावरून जातो, त्या आपणां सर्वांचेंही तें आहे.