वहीवाचूनचे नाटक

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला, तेव्हा नटांच्या हाती संवादांची वही नव्हती. सूत्रधाराने पद्य म्हणावे आणि पात्राने त्याच्या अनुरोधाने आपले भाषण तिथल्या तिथे रचावे, अशी रीत होती. पुढे १८६१ साली कीर्तन्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे लिहिलेले नाटक आले, हळूहळू वहीचा अंमल बसला, आणि वहीवाचून बोलणारा तो अडाणी, असा समज शहाण्यांत रूढ झाला.

तमाशातली बतावणी मात्र वहीवाचून जगली. सोंगाड्या हसवतो, असे लोक म्हणतात. माझ्या मते तो आधी ऐकतो. समोरचा "मी पाटील" म्हणाला की "तू कसला पाटील?" म्हणून त्याला खोडायचे नाही, खोडले की खेळ तिथेच बसला. "पाटील का? मग गावचा सारा कुठं ठेवला?" असे विचारले की पाटलाला उत्तर शोधणे भाग पडते आणि गोष्ट चालू लागते.

हे मी ग्रंथात वाचले नाही. आमच्या मंडळींनी एकदा फाटकावरच्या सभेत मुकादम आणि मजूर यांचा प्रवेश केला. मजूर झालेल्याने भाषण घोकून आणले होते. मुकादमाने एक शब्द फिरवला आणि हा गडी मुका झाला! तेवढ्यात समोर बसलेली एक बाई ओरडली, "अरे, माह्या हजेरीचं इचार ना त्याले!" तिथून पुढे प्रवेश तिनेच चालवला, बसल्या जागेवरून.

या विद्येचा वऱ्हाडातला थोर जाणकार म्हणजे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली ते जन्मले. योगायोग असा की, नाटके बंद पाडण्याचा इंग्रजांचा कायदाही त्याच सालचा. तो रद्द व्हायला २०१८ साल उजाडले. लिहिलेले नाटक सरकारला पकडता येते. ऐनवेळच्या बोलण्याचे काय पकडणार?

बाबा कीर्तनात प्रश्न टाकीत. कर्ज काढून सण का, नवसाला बोकड का, दारू कशाला, शिवाशीव कशाला? लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच बाबांचा पुढचा प्रश्न निघे. चुकीच्या उत्तरालाही ते झिडकारीत नसत. त्याचाच धागा धरून माणसाला अशा जागी नेत की, तो स्वतःलाच हसे. हजारोंचा समुदाय असा एकाच प्रवेशातले पात्र होऊन बसे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. त्याच वर्षी मुंबईत बांद्र्याला झालेले त्यांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, म्हणून तो सवालजबाब आज कानांनी ऐकता तरी येतो. बाकीची किती कीर्तने त्या त्या रात्रीबरोबरच गेली!

आमच्या त्या सभेचे इतिवृत्त मी मागे काढून पाहिले. वक्त्यांची नावे आहेत, ठराव आहेत. प्रवेशाविषयी एवढेच लिहिले आहे : 'नंतर करमणुकीचा कार्यक्रम झाला.' अक्षर माझेच आहे.