बरगीच्या अलीकडे, बरगीच्या पलीकडे : अद्भुत-विनोदी चित्रपटाची निर्मिती, वितरण आणि प्रसिद्धी

मराठी चित्रपटाच्या इतिहासाची मांडणी आजवर प्रामुख्याने दिग्दर्शक, नट आणि कलाकृती यांच्या अंगाने झाली आहे. चित्रपट कोणत्या भांडवलावर उभा राहिला, तो कोणी विकत घेतला, कोणत्या गावापर्यंत पोहोचला आणि कोठे थांबला, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिले. अतिमानवी शक्तीचा नायक आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या चित्रपटाच्या संदर्भात हे प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात, कारण या प्रकारात चमत्काराला खर्च येतो आणि तो भरून काढण्यास मोठी बाजारपेठ लागते. प्रस्तुत निबंधात या प्रकाराचा विचार जबलपूर जिल्ह्यातील बरगी या ठिकाणावरून केला आहे. नर्मदेवरील धरणामुळे परिचित असलेले हे गाव जबलपूर-नागपूर मार्गावर आहे आणि जबलपूर-गोंदिया लोहमार्गही बरगीवरूनच जातो. रेल्वेने महाराष्ट्राशी जोडलेल्या या गावापर्यंत हिंदी सुपरहिरो सहज आला. मराठी मात्र येऊ शकला नाही. या विरोधाची कारणे कलात्मक नसून व्यापारी व प्रशासकीय आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

चमत्काराचे दृश्य आणि बाजारपेठेचा विस्तार यांचा संबंध भारतीय चित्रपटाच्या आरंभापासूनच दिसतो. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांचे मुख्य आकर्षण छायाचित्रणातील युक्त्या हे होते. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. मजकुराच्या पट्ट्या बदलल्या की तोच चित्रपट कोणत्याही प्रांतात दाखवता येई. बोलपटाने ही सोय संपवली. तेव्हा ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढून त्यावर उपाय शोधला. एकाच नेपथ्यावर, त्याच वेशभूषेत दोन भाषांतील चित्रीकरण केल्याने खर्च विभागला जाई आणि बाजारपेठ दुप्पट होई. ही द्वैभाषिक पद्धत पुढे क्षीण होत गेली, तसतसा मराठी निर्माता आपल्या भाषेच्या प्रदेशापुरता मर्यादित झाला. खर्चिक चमत्कार त्याला न परवडण्याचे मूळ येथे आहे.

वितरणाचा नकाशा हा या इतिहासाचा दुसरा दुवा होय. चित्रपट व्यवसायाने देशाची विभागणी ‘टेरिटरी’ किंवा सर्किट यांत केली, आणि ती बहुतांशी स्वातंत्र्यपूर्व प्रांतरचनेवर आधारलेली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले व जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. परंतु चित्रपट व्यवसायाच्या वहीत ‘सी.पी.-बेरार’ हा जुना प्रांत तसाच जिवंत राहिला. त्यात विदर्भही होता आणि जबलपूरही. या मध्यवर्ती विभागाच्या वितरक-प्रदर्शकांची संघटना असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य केंद्र भुसावळ येथे असावे, हे रेल्वे-जंक्शनचे महत्त्व जाणणाऱ्यास नवल वाटणार नाही. चित्रपटाच्या रिळांचे पत्र्याचे डबे रेल्वेनेच जात असत. मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्ये मोडत होता आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई सर्किटमध्ये. म्हणजे मराठी निर्मात्याचे राज्य एक झाले तरी त्याची बाजारपेठ तीन तुकड्यांत विभागलेली राहिली.

या नकाशानुसार जबलपूर आणि नागपूर एकाच वितरकाच्या हद्दीत येत असल्यामुळे मराठी चित्रपट जबलपूरलाही सहज जावयास हवा होता. तो गेला नाही, याचे कारण करव्यवस्थेत आहे. महाराष्ट्र शासनाने १९७५ च्या सुमारास मराठी चित्रपटांसाठी करमणूक-कर परताव्याची योजना सुरू केली. तिकिटावर गोळा झालेला कर पुढील चित्रपटाच्या निर्मितीसाठी निर्मात्याला परत मिळू लागला. मराठी चित्रपट तगून राहण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र महाराष्ट्रात विकलेल्या प्रत्येक तिकिटाबरोबर परताव्याची आशा होती. सीमेपलीकडे विकलेल्या तिकिटाबरोबर नव्हती. त्या काळी प्रत्येक प्रतीला पैसा लागे. निर्मात्याने मोजक्या प्रती परतावा मिळणाऱ्या गावी फिरवल्या, यात अविचार नव्हता. परंतु त्यामुळे राज्याबाहेरील मराठी प्रेक्षक व्यवसायाच्या हिशेबातून वगळला गेला.

वितरकाचे व्यवहार साधारणतः तीन प्रकारचे असत. किमान हमीच्या करारात वितरक ठरलेली रक्कम आधीच देऊन जोखीम स्वतःकडे घेई. आगाऊ रकमेच्या करारात दिलेला पैसा उत्पन्नातून वसूल होई, आणि वसूल न झाल्यास तो परत मागण्याचा हक्क राही. तर कमिशनच्या करारात तो केवळ मध्यस्थ असे. किमान हमी मिळते ती नावाजलेल्या नटाला आणि मोठ्या भाषेला. म्हणून हिंदी निर्माता चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच सर्किटे विकून भांडवल उभे करू शके, आणि तेच भांडवल नेपथ्य व युक्तिदृश्यांवर खर्च करी.

शेखर कपूर दिग्दर्शित आणि बोनी कपूर निर्मित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा या व्यवस्थेतून निर्माण झालेला नमुनेदार अद्भुत-विनोदी चित्रपट होय. मनगटावरील यंत्राने अदृश्य होणारा आणि केवळ लाल प्रकाशात दिसणारा नायक ही कल्पना नाट्यमय तर आहेच, पण काटकसरीचीही आहे. नायक दिसतच नसल्यामुळे त्याच्या पोशाखाचा व उड्डाणाचा खर्च वाचतो. वस्तू आपोआप हलल्या की चमत्कार सिद्ध होतो. पीटर परेरा यांनी संगणकाच्या साहाय्याविना ही दृश्ये साधली. विशेष म्हणजे हा चित्रपट मध्य भारताशी अनेक धाग्यांनी जोडलेला आहे. पटकथाकार सलीम खान इंदूरचे, जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. वैज्ञानिकाची भूमिका करणारे अशोककुमार खांडव्याच्या घरातले. आणि मोगँबोचा साथीदार डागा झालेले शरत सक्सेना जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यातील वृत्तपत्राचा संपादक मात्र गायतोंडे या आडनावाचा आहे. हिंदी पडद्यावर मराठी माणसाला पात्राचे स्थान मिळाले. सीमेपलीकडच्या पडद्यावर त्याच्या भाषेला मिळाले नाही.

मराठीत याला समांतर प्रयत्न महेश कोठारे यांनी केला. ‘धूमधडाका’ (१९८५) या दिग्दर्शकीय पदार्पणानंतर त्यांनी ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये बाटलीत बंदिस्त असलेला गंगाराम आणि कवट्या महाकाळ हा मुखवटाधारी खलनायक पडद्यावर आणला. लक्ष्मीकांत बेर्डे यांची दुहेरी भूमिका हे त्याचे बलस्थान होते. पुढे ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तात्या विंचूला देह दिला. या चित्रपटांचा अर्थशास्त्रीय विशेष असा की, विनोद हीच त्यांची चमत्काराला पूरक अशी काटकसर आहे. गंभीर चित्रपटात दोरी दिसली तर प्रेक्षक चित्रपटाला हसतो. विनोदी चित्रपटात तो चित्रपटाबरोबर हसतो. मर्यादित भांडवलाच्या भाषेने सुपरहिरोला विनोदाचा आधार दिला, तो केवळ रुचीपोटी नव्हे. ती भांडवलाचीही गरज होती.

प्रसिद्धीची साधनेही याच मर्यादेतून घडली. हाताने रंगवलेले फलक, भित्तिपत्रके, ध्वनिवर्धक लावून गावातून फिरणारे वाहन, मध्यंतरातील स्लाइड, विविध भारतीवरील प्रायोजित कार्यक्रम आणि ध्वनिफिती ही त्या काळची प्रमुख साधने होती. खलनायकाचे नाव आणि त्याचे पालुपद मुलांच्या तोंडी बसणे, ही तर विनामूल्य जाहिरात होती. याउलट २०११ च्या ‘रा.वन’पर्यंत हिंदी सुपरहिरोबरोबर व्हिडिओ-गेमसारख्या वस्तूही बाजारात आल्या. मराठीत ‘झपाटलेला २’ (२०१३) त्रिमितीत निघाला, तर निखिल महाजन यांच्या ‘बाजी’ (२०१५) ने श्रेयस तळपदे यांच्या रूपाने मुखवट्याचा मराठी नायक उभा केला. परंतु या प्रकाराची अखंड परंपरा मराठीत निर्माण झाली नाही.

बरगीच्या परिसरातील मराठी घरांपर्यंत तात्या विंचू पोहोचण्याचा मार्ग अखेर चित्रपटगृहाचा नव्हे, तर दूरचित्रवाणीचा ठरला. १९९९ साली उपग्रहावरून ‘अल्फा मराठी’ वाहिनी सुरू झाली, आणि करसीमा व सर्किट या दोन्ही भिंती एकाच वेळी निरर्थक झाल्या. त्यानंतर डिजिटल प्रक्षेपणाने प्रतीचा खर्च घटवला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा करात करमणूक-कर विलीन झाल्याने जुन्या परताव्याचा पायाच उरला नाही. ‘सैराट’ (२०१६) महाराष्ट्राबाहेरही प्रदर्शित झाला, यावरून हा प्रेक्षक कायम होता, केवळ त्याच्यापर्यंत जाण्याची वाट नव्हती, हे स्पष्ट होते.

सारांश, एखादी भाषा किती मोठे स्वप्न पडद्यावर पाहू शकते, हे तिच्या कल्पनाशक्तीइतकेच तिच्या वितरणाच्या नकाशावर अवलंबून असते. मराठी चित्रपटाचे संरक्षण करणाऱ्या योजनेनेच त्याचे क्षेत्र आखून दिले, हा या इतिहासातील खरा पेच आहे. त्याचा पुरता उलगडा करावयाचा असेल, तर चित्रपटांबरोबरच त्यांच्या वितरणाचे करारनामे, प्रतींच्या पाठवणीच्या नोंदी आणि चित्रपटगृहांचे हिशेब जतन व्हावयास हवेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपट जतन केले. वितरकांच्या वह्या मात्र पेढ्या बंद पडताच रद्दीत जातात. भुसावळ, अमरावती, नागपूर आणि जबलपूर येथे त्यांचा शोध तातडीने घेणे, हे मराठीच्या अभ्यासकांपुढील आजचे कर्तव्य आहे.