टॅक्सीवाल्यांचा आकडा मागताय? आधी तक्ता नीट वाचा

मंडळी, कुठेही एखाद्या ड्रायव्हरचं अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं की दोन प्रकारच्या पोस्ट फिरायला लागतात. एक म्हणते, "या ड्रायव्हर लोकांचा भरवसाच नाही, मुलींना जीपने पाठवू नका." दुसरी म्हणते, "टक्केवारी बघा, प्रमाण नगण्य आहे, गरिबाची बदनामी करू नका." दोघेही पोलिसांच्या आकड्यांचा हवाला देतात. आपल्याकडे हा नुसता वाद नाही. धसईहून मुरबाडला कॉलेजला जाणाऱ्या मुलीची एसटी चुकली की जीप, आणि घरच्यांनी जीप बंद केली की कॉलेजच बंद. म्हणून हे आकडे कसे तयार होतात, ते सविस्तर लिहितोय.

देशभरातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, स्थापन झाला आणि हे काम त्याच्याकडे आलं. बलात्काराच्या तक्त्यांत पीडितेचं वय मिळतं, आरोपी तिच्या ओळखीचा होता का तेही मिळतं. पण आरोपी पोटापाण्यासाठी काय करतो, हा रकानाच नाही. त्यामुळे "टॅक्सीवाल्यांचे एवढे टक्के" असं कुणी या अहवालाच्या नावावर सांगत असेल, तर ते त्याने स्वतःच जुळवलेलं आहे.

आता पुण्याचं प्रकरण घ्या. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री कॉल सेंटरच्या कामावर निघालेल्या तरुणीला कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या मित्राने भलतीकडे नेलं. बलात्कार करून तिचा खून केला. सगळा महाराष्ट्र हादरला. पण पोलीस आकडेवारीचा नियम असा की एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा. म्हणजे त्या काळच्या पद्धतीने असं प्रकरण खुनाच्या रकान्यात जायचं. बलात्कार आणि खून यांचा एकत्र रकाना पुढे आला. ज्या घटनेने सगळे आईबाप घाबरले, तीच बलात्काराच्या बेरजेत सापडणार नाही!

पुढचा टप्पा २०१२-१३ चा. देशात २०१२ साली बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ साली ३३,७०७. एका वर्षात जवळपास ३५ टक्के वाढ. पुरुष काही एका वर्षात एवढे बिघडले नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमधलं प्रकरण घडलं, लोक रस्त्यावर आले, आणि २०१३ साली कायदा बदलला. बलात्काराची व्याख्या रुंदावली, संमतीचं वय सोळावरून अठरा झालं, तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली. बायका बोलायला लागल्या, ठाण्यात लिहून घ्यायला लागले. आकडा वाढणं ही कधीकधी बरी बातमी असते, ती अशी.

आकडा कमी म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. लंडनच्या परवानाधारक काळ्या टॅक्सीचा लौकिक सर्वांत सुरक्षित वाहन असा होता. तिथल्या एका चालकाला मार्च २००९ मध्ये १२ महिलांवरच्या गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्याआधी कित्येक वर्षं महिला तक्रारी घेऊन जात होत्या. २००७ साली त्याला पकडलंही होतं, आणि सोडून दिलं. पोलिसांचा विश्वास बसला नाही, तेवढी वर्षं कागदावर त्याचा धोका दिसलाच नाही. २०१८ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाच जबाबदार धरलं.

उलट बाजूही पाहा. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईत लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेल्या तरुणीचा खून झाला. सोडतो म्हणून तिला नेल्याचा आरोप एका माणसावर ठेवला गेला. त्याला फाशी सुनावली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्दोष ठरवला. दहा वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात होता. गुन्ह्याची नोंद म्हणजे दोषसिद्धी नव्हे. देशात बलात्काराच्या निकाली खटल्यांत शिक्षेचं प्रमाण अलीकडे २७-२८ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं. "ठाणे ग्रामीण"चे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून गुन्हे घटले म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. माणसं तिथेच आहेत, फक्त दुसऱ्या ओळीत गेली. आणि ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरच्या शाळेचं प्रकरण आपल्या शेजारचं असलं तरी ते ठाणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीतलं.

सगळ्यांत फसवा आकडा "ओळखीचा आरोपी" हा. २०२१ च्या अहवालात ९६.५ टक्के प्रकरणांत आरोपी ओळखीचा होता. लगेच निष्कर्ष काढला जातो की धोका घरात आहे, ड्रायव्हर सुटला. पण त्या रकान्यात नातेवाईक आहेत, मित्र आहेत, लग्नाचं आमिष दाखवणारे आहेत, शेजारी, मालक आणि "इतर ओळखीचे" सुद्धा आहेत. शहरातला टॅक्सीवाला अनोळखी असेल. आपला जीपवाला शेजारच्याच गावचा, त्याच्या बापाचं नावही आपल्याला ठाऊक. उद्या काही घडलंच तर तो "ओळखीचा" म्हणूनच मोजला जाईल. म्हणजे हा आकडा त्याला दोषीही ठरवत नाही आणि सोडवतही नाही.

शिवाय प्रमाण काढायचं तर किती ड्रायव्हर, किती फेऱ्या, हे माहीत हवं. बॅज, परमिट नसताना प्रवासी भरणाऱ्या गाड्यांची मोजदाद करणार कोण?

म्हणून टक्केवारीवरून भांडण्यापेक्षा ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. पहिली, कॉलेज सुटण्याच्या वेळेची एसटी. दुसरी, प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक चालकाकडे बॅज आणि चारित्र्य पडताळणी. ती खरी आहे का हेही तपासा, कारण २०१४ साली दिल्लीत उबरच्या चालकाने बलात्कार केला तेव्हा त्याचा चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचं तिथल्या पोलिसांनी सांगितलं होतं. प्रामाणिक जीपवाल्याचं यात नुकसान नाही, उलट त्याचंच नाव वाचतं.

तिसरी गोष्ट घरापासूनची. मुलीने काही सांगितलं तर "तू कशाला बसलीस त्या गाडीत" हे पहिलं वाक्य नको. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ११२ नंबर आहेच. मुलगी घरीच गप्प बसली, तर आपल्या तालुक्याचा आकडा छान दिसेल आणि तो माणूस उद्या पुन्हा गाडी भरेल.