दोन गावे आणि एक तराजू

उत्तर फ्रान्समध्ये फ्लरबे आणि लाव्हांती ही दोन लहान गावे शेजारी शेजारी आहेत. पहिल्या महायुद्धात तेथे लढलेल्या भारतीय सैनिकांचे नव्ह शापेल येथील स्मारक यांच्यापासून जवळच आहे. पण बालआरोग्याच्या इतिहासात या गावांची नोंद झाली ती तेथील शाळांमुळे.

१९९२ साली तेथे एक प्रयोग सुरू झाला. शाळेत मुलांना आहाराविषयी शिकवले, तर घरच्या खाण्यात फरक पडेल का, असा तो साधा प्रश्न होता. शिक्षक शिकवू लागले आणि मुलांची वजने-उंची मोजली जाऊ लागली. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की शरीरभार निर्देशांक मिळतो. मोठ्या माणसांसाठी त्याची मर्यादा ठरलेली असते. मुलांच्या बाबतीत मात्र ती वयानुसार बदलते, मुलगे आणि मुली यांच्यासाठीही वेगळी असते. वर्गात वजने घेताना हे जरूर लक्षात ठेवावे.

मुलांची माहिती वाढली. वजने मात्र पहिली काही वर्षे वाढतच गेली! धडा पाठ असणे आणि ताटात तो दिसणे यांतले अंतर शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

१९९९ नंतर प्रयोगाचा घेर वाढला. नगरपालिकांनी खेळांच्या नव्या सोयी केल्या. आहारतज्ज्ञ नेमले गेले. गावातले डॉक्टर, औषधविक्रेते, दुकानदार, क्रीडा मंडळे असे सगळे सामील झाले. कार्यक्रम सगळ्या गावासाठी होता, जाड मुलांना वेगळे काढण्यासाठी नव्हता. मला ही बाब सर्वात महत्त्वाची वाटते. वर्गात 'जाड्या' म्हणून हाक मारलेले मूल मैदानावर यायचेच टाळते.

२००० नंतर आलेख खाली वळला. २००४ साली या दोन गावांत ८.८ टक्के मुलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. तुलनेसाठी निवडलेल्या त्याच भागातल्या दुसऱ्या दोन गावांत हे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे दुप्पट होते. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बरीच चर्चा झाली.

आता शंका घेऊ या. तुलनेच्या गावांतली मोजणी फक्त २००४ सालची आहे. १९९२ साली ती गावे कुठे होती? सुरुवातीलाच तेथे जाड मुले जास्त असतील, तर आजच्या फरकाचे श्रेय कार्यक्रमाला कसे द्यायचे? शिवाय १९९२ च्या तुलनेत मुलींमधली घट स्पष्ट होती, मुलग्यांमधली संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसमोर हेच आकडे ठेवून, आपण हा प्रयोग कसा आखला असता, असे विचारून पाहावे.

दरम्यान, निष्कर्ष छापून येण्याची वाट न पाहता २००४ सालीच फ्रान्समधल्या दहा शहरांत 'एपोद' या नावाने ही पद्धत सुरू झाली आणि पुढे इतर देशांतही गेली. तिला पैसा सरकारी होता तसा खाद्यपदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचाही होता. कार्यक्रमाच्या आशयात कंपन्यांचा हात नाही, असे चालकांचे म्हणणे होते. टीकाकारांचा प्रश्न वेगळा होता. गोड पेये आणि चॉकलेट विकणाऱ्याच्या पैशावर चालणारा कार्यक्रम मुलांना 'फळे खा' असे सांगेल, पण 'ते पेय पिऊ नका' असे तितक्याच मोठ्याने सांगेल का?