द्विकार्य व्यायाम-प्रशिक्षण (मल्टिपल स्क्लेरोसिस)

चालणे किंवा तोल सांभाळणे आणि त्याच वेळी हिशेब, संभाषण, स्मरण असे बौद्धिक काम करणे, याचा नियोजित सराव. फिजिओथेरपीत तो ‘ड्युअल टास्क ट्रेनिंग’ या नावाने ओळखला जातो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचे मायलिन आवरण नष्ट करते. फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीत उघड होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट आढळतो. पायांतला जोर कमी झालेला घरच्यांना दिसतो. सुमारे निम्म्या रुग्णांत विचारांचा वेगही मंदावतो, तो मात्र बराच काळ कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे मोकळ्या व्हरांड्यात बऱ्यापैकी चालणारी व्यक्ती फोनवर बोलत रस्ता ओलांडताना अडखळते.

निरोगी माणसाचे चालणे बरेचसे आपोआप होते. मायलिन झिजले की संदेश उशिरा किंवा तुटक पोहोचतात आणि प्रत्येक पावलाला लक्ष द्यावे लागते. लक्षाचा साठा मर्यादित असल्याने दोन कामांत त्याची ओढाताण होते, हे एक स्पष्टीकरण. दोन्ही कामे मेंदूतील एकाच टप्प्यावर अडतात आणि एकाला थांबावे लागते, हे दुसरे. या अभ्यासाला मोठी चालना मिळाली ती वृद्धांच्या निरीक्षणातून. बोलताना चालायचे थांबणाऱ्या वृद्धांना पुढील सहा महिन्यांत पडण्याचा धोका जास्त असतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले.

सराव साध्यापासून सुरू होतो. जागेवर उभे राहून शंभरातून सात-सात वजा करत जाणे, मग तेच चालताना. भरलेला पेला हातात घेऊन वळणे. एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द सांगत अडथळे ओलांडणे. शब्दांची कामे रुग्णाच्या रोजच्या भाषेतच द्यावीत. मराठीत विचार करणाऱ्याला इंग्रजी अक्षरांवर शब्द सुचवायला लावले, तर मोजमाप आजाराऐवजी भाषेचे होते. ‘आता पावलांकडे लक्ष, आता हिशेबाकडे’ असा प्राधान्यक्रम बदलत ठेवण्याचीही एक पद्धत आहे. पडण्याचा धोका असलेल्यांना समांतर दांड्यांमध्ये किंवा आधारपट्टा बांधून चालवतात. शरीर तापले की लक्षणे तात्पुरती वाढतात (विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदलेला परिणाम), म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ, पंखा, गार पाणी आणि मध्ये विश्रांती आवश्यक. पूर्वी याच भीतीने रुग्णांना व्यायामच टाळायला सांगत. १९९६ मध्ये अमेरिकेत पेटाजन व सहकाऱ्यांनी १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाचे फायदे दाखवले, तेव्हापासून ही धारणा मागे पडत गेली.

परिणाम मोजण्यासाठी ‘द्विकार्य-खर्च’ काढतात : एकट्या चालण्याच्या वेगातून दुहेरी कामातला वेग वजा करून आलेली घट मूळ वेगाच्या टक्केवारीत मांडायची. हा आकडा फसवा आहे. समजा, वेग सेकंदाला १.० मीटर आणि दुहेरी कामात ०.८ मीटर होता. खर्च २० टक्के. सरावानंतर ते वेग अनुक्रमे १.२ आणि ०.९ झाले, तर रुग्ण दोन्ही वेळा अधिक वेगाने चालतो आहे, तरी खर्च २५ टक्के येतो! म्हणून मूळ वेगही नोंदवावा, तसेच हिशेबातल्या चुका मोजाव्यात. काही जण पाऊल सावरण्यासाठी गणित सोडून देतात.

आजवरच्या चाचण्या बहुतेक लहान, काही आठवड्यांच्या आहेत. दुहेरी सरावाने चालणे व तोल सुधारल्याचे अनेकींत दिसते. पण नुसत्या चालण्याच्या किंवा तोलाच्या व्यायामापेक्षा तो निश्चितपणे सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे बळ व सहनशक्तीच्या व्यायामांना त्याची जोड द्यावी, त्यांची जागा त्याला देऊ नये. औषधोपचाराला तर तो पर्याय नाहीच.

भारतात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ दिव्यांगत्वांमध्ये या आजाराचा समावेश आहे.